सही आणि अंगठा : स्ट्रेप्टोमायसीनच्या शोधाचा अर्धा राहिलेला इतिहास

१

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक ओळ ठरलेली असते : 'स्ट्रेप्टोमायसीनचा शोध – वाक्समन'. स्पर्धा परीक्षांना बसणारी आपली मुले ती पाठ करतात आणि एक गुण मिळवतात. ही ओळ पूर्ण खोटी नाही आणि पूर्ण खरीही नाही. त्या ओळीतून अल्बर्ट शात्झ नावाचा एक तेवीस वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा गळाला आहे. एलिझाबेथ ब्यूजी नावाची एक संशोधक स्त्रीही गळाली आहे. त्या मुलाचे तळघर, रात्रीची जागरणे, खतावलेली माती आणि प्रयोगवही हे सगळे त्या एका ओळीत गडप झाले आहे.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. विज्ञानाचा इतिहास शिकवताना नेहमी जाणवत आले की तोही राजेरजवाड्यांच्या इतिहासासारखाच लिहिला जातो. किल्ला बांधणारे पाथरवट सनावळीत नसतात. प्रयोगशाळेत राबणारे हातही नसतात. ज्ञान वरून खाली येते, काही थोड्या मोठ्या डोक्यांतून ते झरते, असे या इतिहासात गृहीत धरलेले असते. ज्या समाजाने हजारो वर्षे डोक्याचे काम श्रेष्ठ आणि हाताचे काम हीन मानले, त्या समाजात असा इतिहास सहज पचतो. म्हणून शात्झचे प्रकरण आपण मुळातून समजून घेतले पाहिजे असे मला वाटते. ते अमेरिकेत घडले, पण त्याने उभा केलेला प्रश्न आपल्या विद्यापीठांच्या दारापर्यंत आलेला आहे.

२

आधी रोगाविषयी. क्षयाला आपल्याकडे राजरोग म्हणतात. नाव राजाचे, पण मुक्काम कायम गरिबाच्या खोलीत. दहा बाय बाराची जागा, तीत आठ माणसे, खिडकी नाही, पोटात पुरेसे अन्न नाही, आणि कापड गिरणीतली नाहीतर दगडाच्या खाणीतली धूळ छातीत. या परिस्थितीत क्षयाचे जंतू सुखाने नांदतात. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये हा जंतू दाखवला, तरी पुढची साठ वर्षे त्याच्यावर औषध नव्हते. पैसेवाल्याने पाचगणीला किंवा मिरजेला आरोग्यधामात जावे, चांगले खावे, विश्रांती घ्यावी आणि नशिबाची वाट पाहावी. गरिबाने खोकत कामावर जावे आणि एक दिवस जाऊ नये. एवढाच काय तो उपचार.

१९४० च्या सुमारास पेनिसिलिनचे गुण सिद्ध झाले होते, पण क्षयाच्या जंतूवर ते चालत नव्हते. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात रटगर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन हे मृदाशास्त्रज्ञ त्या वेळी मातीतल्या सूक्ष्मजंतूंचा अभ्यास करीत होते. मूठभर मातीत कोट्यवधी जंतू असतात, ते एकमेकांशी झगडतात, आणि काही जंतू दुसऱ्यांना मारणारी द्रव्ये तयार करतात. ही द्रव्ये पद्धतशीर शोधायची, हा वाक्समन यांचा कार्यक्रम होता. त्यांचेच शिष्य रेने ड्यूबो यांनी १९३९ मध्ये या वाटेने मातीतल्या जंतूपासून एक जंतुनाशक द्रव्य मिळवून दाखवले होते. अशा द्रव्यांना 'अँटिबायोटिक' हे नाव रूढ केले तेही वाक्समन यांनीच. त्यांचे हे श्रेय निर्विवाद आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. दिशा त्यांची होती, प्रयोगशाळा त्यांची होती.

प्रश्न त्यापुढचा आहे.

३

अल्बर्ट शात्झ १९२० मध्ये कनेक्टिकट राज्यात जन्मला. रशियातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला हा मुलगा. घरची शेती लहान आणि नापीक. मृदाशास्त्र शिकावे आणि शेतीवर परतावे, एवढ्याच इराद्याने तो रटगर्समध्ये आला. १९४२ मध्ये पदवी मिळाली आणि तो वाक्समन यांच्याकडे संशोधक विद्यार्थी म्हणून रुजू झाला. त्याच वर्षाअखेर त्याला लष्करात भरती व्हावे लागले. फ्लोरिडातल्या लष्करी इस्पितळात तो जंतुशास्त्राचे काम करी. जे जंतू पेनिसिलिनला दाद देत नाहीत त्यांच्या लागणीने माणसे कशी मरतात, हे त्याने तेथे जवळून पाहिले. फावल्या वेळात तो माती गोळा करी, तीतले जंतू वाढवी आणि रटगर्सला पाठवी. पाठीच्या दुखण्यामुळे जून १९४३ मध्ये त्याला लष्करातून सोडण्यात आले आणि तो परत आला.

पगार महिना चाळीस डॉलर. क्षयाच्या जिवंत, जहाल जंतूंवर काम करायला तो तयार झाला, तेव्हा त्याला जागा मिळाली इमारतीच्या तळघरात. वाक्समन यांची खोली तिसऱ्या मजल्यावर. जंतू वर येऊ नयेत अशी त्यांची इच्छा होती, आणि शात्झने पुढे सांगितल्याप्रमाणे ते स्वतः तळघरात उतरत नसत. आज अशा कामाला जी बंदिस्त कपाटे आणि हवा गाळणारी यंत्रे सक्तीची असतात, त्यांपैकी तेथे काही नव्हते. धोक्याचे काम खाली आणि नाव वर, अशी ही इमारतीची रचनाच होती. गावकुसाची सवय असलेल्या आपल्या वाचकाला तिचा नकाशा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

शात्झच्या प्रयोगवहीत अकराव्या क्रमांकाचा प्रयोग आहे. तो ऑगस्ट १९४३ मध्ये सुरू झाला. मातीचे नमुने काचबशीत पसरायचे, त्यांवर उगवलेले बुरशीसारखे जंतू एकेक वेगळे करायचे, आणि त्यांच्या शेजारी रोगजंतू लावून कोण कोणाला मारतो ते पाहायचे. काम कंटाळवाणे, पुन्हा पुन्हा तेच करण्याचे. दिवसाचे अठरा अठरा तास तो हे करी आणि अनेकदा तेथेच झोपे. १९ ऑक्टोबर १९४३ रोजी त्याच्या हाती करड्या हिरवट रंगाचे दोन वाण आले. एक शेणखताने भरलेल्या शेतातल्या मातीतून मिळाला होता. दुसरा एका कोंबडीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यातला. डोरिस राल्स्टन या सहाध्यायी विद्यार्थिनीने त्याला ती काचबशी दिली होती. जंतूचे आजचे नाव स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस. त्यापासून निघालेले द्रव्य म्हणजे स्ट्रेप्टोमायसीन. शात्झने त्या जंतूची एक परीक्षानळी आपल्या आईला नेऊन दिली. ती नळी आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. क्षयावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक सापडले शेणखतात आणि कोंबडीच्या घशात. शुद्धाशुद्धतेचे केवढे अवडंबर माजवून आपल्या समाजाने शेण, खत, मेलेले जनावर आणि त्यांना हात लावणारी माणसे वेशीबाहेर ठेवली! ज्याला अमंगळ म्हणून नाक मुरडले त्यातच जीवदान देणारे द्रव्य होते. पण ते सापडायला घाणीत हात घालणारा माणूस विद्यावंतही असावा लागतो. आपल्याकडे ज्याचा हात मातीत होता त्याला अक्षर नाकारले आणि ज्याच्याकडे अक्षर होते त्याला माती विटाळाची वाटली. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिव्यवस्थेची चिकित्सा करताना दाखवून दिले की ती कामाबरोबर काम करणाऱ्या माणसांनाही एकमेकांपासून तोडते. त्या तोडण्याची किंमत केवळ दलितांनी मोजली असे नाही, ज्ञानानेही मोजली.

४

जानेवारी १९४४ मध्ये शोधाचा निबंध प्रसिद्ध झाला. लेखकांची नावे क्रमाने अशी : शात्झ, ब्यूजी, वाक्समन. क्षयाच्या जंतूवरील निबंध त्याच वर्षी आला, त्यावर शात्झ आणि वाक्समन. दोन्ही ठिकाणी पहिले नाव शात्झचे. मेयो क्लिनिकमधले फेल्डमन आणि हिन्शॉ यांना गिनीपिगांवर चाचणी घ्यायची होती आणि त्यासाठी औषध हवे होते. ते शात्झ तळघरात रात्रंदिवस गाळत बसला. भांड्यावर तो एक खूण करून ठेवी, द्रव तिच्याखाली उतरला की रात्रीच्या पहारेकऱ्याने उठवावे असे सांगे, आणि जमिनीवर झोपे. त्या पहारेकऱ्याचे नाव मला कोठे वाचायला मिळाले नाही. प्राणी वाचले. १९४४ च्या अखेरीस मरणाच्या दारातल्या एका तरुण क्षयरुग्ण स्त्रीवर हे औषध वापरले गेले आणि ती बरी झाली. पुढे ब्रिटनमध्ये १०७ रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४ दगावले, तर औषध घेणाऱ्या ५५ पैकी ४.

मध्यंतरी पेटंटचा अर्ज झाला होता. त्यावर वाक्समन आणि शात्झ या दोघांची नावे होती. ब्यूजी यांचे नाव निबंधावर होते, पेटंटवर नव्हते. तू पुढे लग्न करशील, तुला पेटंटचे काय, अशा आशयाचे त्यांना सांगण्यात आल्याचे त्यांनी नंतर नोंदवले आहे. स्त्रीच्या श्रमाचा हिशेब कोठल्या वहीत लिहिला जातो हे यावरून कळावे.

यानंतर शात्झकडून आणखी एक सही घेण्यात आली. पेटंटचे हक्क रटगर्सच्या एका निधीकडे एका डॉलरच्या मोबदल्यात सोपवायचे. औषध एका कंपनीच्या मक्तेदारीत अडकू नये, अनेकांनी ते तयार करावे आणि स्वस्त व्हावे, हा त्यामागचा सांगितलेला हेतू. तो चांगलाच होता, आणि मर्क कंपनीशी आधी झालेला मक्तेदारीचा करार सोडवण्यासाठी वाक्समन यांनी प्रयत्न केला हेही खरे. आपल्यापैकी कोणीच यातून पैसा घेणार नाही, या विश्वासाने शात्झने सही केली. परंतु वाक्समन आणि तो निधी यांच्यात एक स्वतंत्र करार होता. त्याप्रमाणे रॉयल्टीचा वीस टक्के वाटा वाक्समन यांना मिळत होता. १९५० पर्यंत ही रक्कम सुमारे साडेतीन लाख डॉलर झाली होती. शात्झला याचा पत्ता नव्हता.

आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठवले. कागदावर काय आहे हे वाचता येत नव्हते, म्हणून जमीन गेली. शिका, म्हणजे अंगठा जाऊन सही येईल आणि फसवणूक थांबेल, असा आपल्या चळवळीचा रास्त विश्वास होता आणि आहे. शात्झ मात्र शिकलेला होता. त्याने कागद वाचूनच सही केली. जे त्याला वाचायला दिलेच नव्हते त्यात त्याचे नुकसान होते. एकलव्याची आठवण येथे कोणालाही होईल. द्रोणाने अंगठा निदान तोंडावर मागितला होता. नव्या ज्ञानव्यवहारात अंगठा मागावा लागत नाही. विश्वासाने केलेली सही अंगठ्याचेच काम करते.

औषधाचे नाव जगभर झाले तशी वर्तमानपत्रे, सत्कार, मानपत्रे वाक्समन यांच्याकडे येत गेली. शोधाची हकीकतही बदलत गेली. एका शेतकऱ्याने आजारी कोंबडी आणली आणि तिच्यातून जंतू मिळाला, अशी एक सुटसुटीत गोष्ट सांगितली जाऊ लागली. तीत शात्झचा भाग जवळजवळ हमालीचा उरला. त्याने विचारणा केली तेव्हा एका मोठ्या चाकाच्या अनेक दात्यांपैकी तू एक, असे त्याला कळवण्यात आले.

५

मार्च १९५० मध्ये शात्झने आपल्या मार्गदर्शकावर आणि त्या निधीवर दावा लावला. शिष्याने गुरूला न्यायालयात खेचावे याचा अमेरिकेतल्या विद्वानांनाही धक्का बसला. गुरुभक्तीचा मक्ता केवळ आपल्याकडे नाही! त्याच्या बाजूने साक्ष होती ती त्याच्या प्रयोगवहीची. तारीख, वार, नमुना कोठला, निकाल काय. सगळे त्याच्या हस्ताक्षरात. डिसेंबर १९५० मध्ये तडजोड झाली. वाक्समन आणि शात्झ हे दोघे सहशोधक आहेत हे कायदेशीररीत्या मान्य झाले. शात्झला परदेशी पेटंटच्या हक्कापोटी एक लाख वीस हजार डॉलर मिळाले, त्यातला मोठा भाग वकिलाकडे गेला. रॉयल्टीत वाक्समन यांचा वाटा दहा टक्क्यांवर आला, शात्झला तीन टक्के, आणि उरलेले सात टक्के प्रयोगशाळेत राबलेल्या इतर सहकाऱ्यांत वाटले गेले. ब्यूजी यांच्या वाट्याला त्यातला ०.२ टक्के आला. दावा एकाने लावला, पण वाटा अनेकांना मिळाला. या एका गोष्टीसाठी तरी हा खटला कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा.

तरीही १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वाक्समन यांना दिले गेले. शात्झच्या बाजूने विनंत्या गेल्या, त्या फेटाळल्या गेल्या. वाक्समन यांचे आत्मचरित्र १९५४ मध्ये आले. त्यात त्यांनी शात्झचे नाव घेण्याचेच टाळले. ज्याने दावा लावला त्याला मोठ्या प्रयोगशाळांची दारे उघडली नाहीत. तो एका लहान कृषी महाविद्यालयात शिकवत राहिला, १९६२ मध्ये चिलीला गेला, परत येऊन फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात शिक्षक म्हणून राहिला. पुढे मिल्टन वेनराइट या इंग्रज सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञाने कागदपत्रे धुंडाळली आणि झाकलेला इतिहास उजेडात आणला. १९९४ मध्ये, शोधाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, रटगर्सने शात्झला आपले पदक दिले. २००५ मध्ये तो वारला.

वाक्समन यांना मी खलनायक ठरवत नाही. तेही युक्रेनमधल्या एका खेड्यातले ज्यू. झारच्या राजवटीत ज्यूंच्या शिक्षणावर असलेली बंधने सोसून, १९१० मध्ये अमेरिकेला आलेले. रॉयल्टीच्या पैशातून त्यांनी सूक्ष्मजंतुशास्त्राची संस्था उभी केली. पण हीच गोष्ट आपल्याला अस्वस्थ करणारी आहे. एक ज्यू निर्वासित वरच्या मजल्यावर पोचला आणि दुसऱ्या ज्यू निर्वासिताच्या मुलाला त्याने तळघरातच ठेवले. श्रेणीबद्ध विषमता अशीच टिकते; खालून वर चढलेला प्रत्येक जण आपल्या खालची पायरी शाबूत ठेवतो. आपल्यातून प्राध्यापक, अधिकारी, मार्गदर्शक झालेल्यांनी हे वाक्य स्वतःलाही लावून पाहावे.

तुलनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. शात्झ दलित नव्हता. त्या काळात अमेरिकेतल्या काळ्या मुलाला जी दारे बंद होती ती गोऱ्या शात्झला उघडी होती. त्याला प्रयोगशाळेत शिरता आले, वही लिहिता आली, न्यायालयात उभे राहता आले. एवढे सगळे असून जर त्याचे नाव पुसले जाऊ शकते, तर ज्यांना दारातच अडवले त्यांचे किती शोध, किती कसब, किती औषधांची माहिती दुसऱ्यांच्या नावावर जमा झाली असेल?

६

औषध मात्र जात, वर्ण, देश न पाहता काम करीत राहिले. माझ्या लहानपणी आमच्या चाळीत गिरणीत काम करणारे एक नाना होते. त्यांना रोज सुई टोचायला कंपाउंडर येई. नाना वाचले, कान मात्र गेले. हे औषध कानाच्या मज्जातंतूंना इजा करते, हे कारण मला शिकल्यावर कळले. बायको कानाशी ओरडून बोलायची आणि नाना हसून म्हणायचे, ऐकू येत नाही, पण श्वास येतोय.

एकटे स्ट्रेप्टोमायसीन दिले की काही महिन्यांत जंतू त्याला दाद देईनासे होतात, हे लवकरच ध्यानात आले. म्हणून दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे स्वस्त औषध हाती आले. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. तेथे आधी पेनिसिलिन आणि १९६० नंतरच्या दशकात स्ट्रेप्टोमायसीनही तयार होऊ लागले. मद्रासला १९५६ मध्ये क्षयरोग उपचाराचे केंद्र सुरू झाले. गरीब वस्तीतल्या रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवून आणि काहींना त्यांच्याच कोंदट घरांत ठेवून तेथे वर्षभर औषधे दिली गेली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले : घरी राहिलेले, कमी खाणारे, दाटीत झोपणारे रुग्ण आरोग्यधामातल्यांच्या जवळपास बरोबरीने बरे झाले. गरीब आपल्या सवयींमुळे मरतो, त्याला औषध देऊन काय उपयोग, हे म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर नाही.

पण उत्तर मिळाले म्हणून प्रश्न संपला नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा अजून भारतात आहे. २०२३ मध्ये जगात सुमारे साडेबारा लाख माणसे या रोगाने मेली. स्ट्रेप्टोमायसीन आता पहिल्या फळीतले औषध राहिलेले नाही. झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या घरच्यांना पुरेसे अन्न दिले तर त्यांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. म्हणजे औषध प्रयोगशाळेतून येईल, पण रोगाचे मूळ उपटायला भाकरी आणि घर लागेल, आणि ती लढाई रस्त्यावरची आहे.

७

आज दलित, आदिवासी, भटक्या समाजातली मुले-मुली विद्यापीठांत संशोधनाला येत आहेत. घरात पहिल्यांदाच कोणी पीएच.डी. करीत आहे. मार्गदर्शकाच्या एका सहीवर शिष्यवृत्ती अडकलेली आहे, प्रबंध अडकलेला आहे, चार-पाच वर्षांचे आयुष्य अडकलेले आहे. मुलांनी गोळा केलेली माहिती दुसऱ्यांच्या नावाने छापून आल्याच्या तक्रारी मी विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. बहुतेक जण गप्प राहतात, कारण बोलले तर पुढची दारे बंद होतील. शात्झचीही बंद झाली. त्याचा लढा फुकट गेला असे मात्र कोणी म्हणू नये.

या मुलांना माझे सांगणे एवढेच आहे. रोजची नोंद रोज, तारीख घालून, स्वतःच्या हाताने लिहा. तिची एक प्रत घरी ठेवा. लेखावर नावे कोणत्या क्रमाने जातील हे काम सुरू होण्यापूर्वी विचारा. कागद हाती आला तर त्यात काय आहे ते वाचाच, आणि त्यात काय नाही तेही विचारा. एकट्याने भांडू नका, आपल्यासारख्या चार जणांना जमवून भांडा. आणि उद्या तुम्ही मार्गदर्शक व्हाल, तेव्हा काचबशी देणाऱ्या मैत्रिणीचे आणि रात्री उठवणाऱ्या पहारेकऱ्याचे नाव आपल्या निबंधात घालायला विसरू नका.